पैसे भरले, पण लॉगिन गेले: सेशन कुकीच्या एका बिघाडाचा अभ्यास

या प्रकरणातील संकेतस्थळ एका प्रशिक्षण संस्थेचे आहे. संस्थेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण हा बिघाड तिच्या एकटीचा नव्हे. ज्या संकेतस्थळावरून वापरकर्ता पैसे भरण्यासाठी दुसऱ्या संकेतस्थळावर जातो आणि काम झाल्यावर परत येतो, अशा कोणत्याही ठिकाणी तो याच रूपात उद्भवू शकतो. अर्जाची रचना नेहमीची होती. अर्जदाराने खाते उघडायचे, लॉगिन करायचे, अनेक पानांचा अर्ज भरायचा, कागदपत्रे अपलोड करायची आणि शेवटी ‘शुल्क भरा’ हे बटण दाबायचे. त्यानंतर तो पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या दुसऱ्या सेवेच्या, पानावर जात असे आणि पैसे भरून झाले की गेटवे त्याला संस्थेच्या संकेतस्थळावर पावतीच्या पानाकडे परत पाठवत असे.

तक्रार अशी होती की काही अर्जदारांना परत आल्यावर पावतीऐवजी लॉगिनचे पान दिसत होते. खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश मोबाइलवर आलेला असे, पण पुन्हा लॉगिन करून पाहिले तर अर्जासमोर ‘शुल्क बाकी’ असेच लिहिलेले असे. मुदत जवळ आलेली असल्यामुळे काहींनी घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरले. पैशाचा प्रश्न आला की माणसाचा संकेतस्थळावरचा विश्वास एका क्षणात उडतो, आणि इथे तर अर्जदाराच्या हातून कोणतीच चूक झालेली नव्हती.

बिघाड सर्वांना येत नव्हता, आणि तपास लांबण्याचे खरे कारण हेच होते. एकाच अर्जदाराचा एकाच संगणकावर पहिला प्रयत्न फसला आणि दुसरा यशस्वी झाला, असेही घडले होते. क्रोम वापरणाऱ्यांच्या तक्रारी येत होत्या, फायरफॉक्स वापरणाऱ्यांच्या येत नव्हत्या. संस्थेच्या चाचणी करणाऱ्या गटाने क्रोमवरच अनेकदा तपासून पाहिले, तरी प्रत्येक वेळी पावती व्यवस्थित दिसली. मदतकक्ष फोन करणाऱ्याला दोन सल्ले देत होता: ब्राउझरमधील कुकी पुसून टाका आणि संकेतस्थळावर येणारी कुकींची सूचना पूर्णपणे मान्य करा. यांपैकी पहिल्या सल्ल्याने बहुतेकांचे काम होत असे. त्यामुळे दोष अर्जदाराच्या संगणकात साचलेल्या जुन्या कुकींचा आहे अशी संस्थेत सर्वांची खात्री पटली होती.

ही खात्री चुकीची होती. ती का चुकीची होती हे समजण्यासाठी कुकी नेमके काय करते ते आधी पाहावे लागेल.

कुकीचे काम

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नियमांनुसार बोलतात, त्या नियमांना स्मरणशक्ती नाही. ब्राउझर एक पान मागतो, सर्व्हर ते देतो आणि व्यवहार तिथेच संपतो. पुढच्या क्षणी त्याच ब्राउझरने दुसरे पान मागितले तरी सर्व्हरच्या दृष्टीने ती नव्याने आलेली विनंती असते. केवळ लेख वाचायचे असतील तोवर यात काही अडत नाही. पण खरेदीची टोपली, लॉगिन किंवा अनेक पानांचा अर्ज यांपैकी काहीही चालवायचे तर आत्ताची विनंती आणि मघाची विनंती एकाच व्यक्तीची आहे हे सर्व्हरला कळायला हवे. नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये या अडचणीवर कुकीचा उपाय काढला. कुकींचे पहिले औपचारिक मानक १९९७ मध्ये आले आणि आज ज्याचा आधार घेतला जातो ते आरएफसी ६२६५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) हे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

उपाय साधा आहे. सर्व्हर आपल्या उत्तरासोबत ‘सेट-कुकी’ नावाची एक ओळ पाठवतो. ब्राउझर त्या ओळीतील मजकूर स्वतःकडे जपून ठेवतो आणि त्याच संकेतस्थळाकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत ‘कुकी’ या ओळीत तोच मजकूर परत देतो. सामानघरात पिशवी ठेवल्यावर हाती मिळणाऱ्या बिल्ल्यासारखे हे आहे: बिल्ल्यावर फक्त क्रमांक असतो, सामान आतच राहते. लॉगिनसाठी वापरल्या जाणाऱ्या सेशन कुकीतही पासवर्ड किंवा अर्जातील माहिती नसते, किंवा निदान नसायला हवी. तिच्यात अंदाज बांधता येणार नाही अशी अक्षरे आणि अंकांची एक लांब माळ असते. ही माळ कोणाची आहे, त्या व्यक्तीने अर्जाचे कोणते पान भरले आहे आणि तिचा अर्ज क्रमांक काय, हे सगळे सर्व्हरच्या साठ्यात, म्हणजे त्या व्यक्तीच्या सेशनमध्ये, असते. कुकी हा प्रोग्राम नाही. ती स्वतः चालत नाही आणि संगणकातील फाइली वाचत नाही. एका कुकीत साधारण ४०९६ बाइट एवढाच मजकूर मावेल असे गृहीत धरूनच संकेतस्थळे लिहिली जातात.

सेट-कुकीच्या ओळीत नाव आणि मूल्य यांच्यापुढे अर्धविराम देऊन काही अटी लिहिता येतात. किती काळ जपायची ते ‘एक्स्पायर्स’ किंवा ‘मॅक्स-एज’ सांगते. दोन्ही दिले नाहीत तर ब्राउझरचे सत्र संपेपर्यंतच कुकी राहते. ‘सिक्युअर’ लिहिले की ती फक्त एचटीटीपीएसवरून, म्हणजे सांकेतिक रूपात बंद केलेल्या जोडणीवरून, जाते आणि ‘एचटीटीपी-ओन्ली’ लिहिले की पानावरच्या जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही. या प्रकरणातील सेशन कुकीला पाथ (संकेतस्थळाच्या कोणत्या भागाकडे कुकी पाठवायची), सिक्युअर आणि एचटीटीपी-ओन्ली या तिन्ही अटी नीट दिलेल्या होत्या. ‘सेमसाइट’ ही चौथी अट मात्र कुठेच नव्हती, आणि सगळे प्रकरण तिथेच अडकले होते.

जिथे कुकी हरवली

तपासाची सुरुवात क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क टॅबपासून झाली; ब्राउझरने पाठवलेली प्रत्येक विनंती तिथे दिसते. पान बदलले की या टॅबमधील यादी पुसली जाते, म्हणून नोंदी जपून ठेवण्याचा पर्याय आधी चालू करावा लागतो. तो चालू न केल्यास गेटवेवरून परत येण्याचा जो क्षण पाहायचा आहे नेमका तोच हातातून निसटतो. यानंतर खऱ्या अर्जदाराप्रमाणे लॉगिन केले, अर्जाची पाने सावकाश भरली, कागदपत्रे चढवली आणि मग पैसे भरण्याकडे वळलो. परत आल्यावर समोर लॉगिनचे पान आले. चाचणी गटाला जे एकदाही दिसले नव्हते ते पहिल्याच प्रयत्नात समोर होते.

यादीतील परतीची विनंती उघडून पाहिली. गेटवे निकाल परत पाठवताना व्यवहार क्रमांक, रक्कम, यशस्वी की अयशस्वी ही स्थिती आणि स्वतःची डिजिटल सही एका दडलेल्या फॉर्ममध्ये भरतो आणि तो फॉर्म आपोआप सबमिट करतो. म्हणजे ही पोस्ट प्रकारची विनंती असते (पान नुसते मागणारी ती गेट, माहिती भरून पाठवणारी ती पोस्ट) आणि ती एका संकेतस्थळाच्या पानावरून दुसऱ्या संकेतस्थळाकडे निघते. त्या विनंतीच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्यासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींमध्ये, ‘कुकी’ ही ओळच नव्हती. कुकीज टॅबमध्ये गाळलेल्या कुकी दाखवण्याचा पर्याय निवडल्यावर सेशन कुकी तिथे दिसली. तिच्याजवळ कारणही लिहिलेले होते: कुकीवर सेमसाइटची अट नमूद नसल्यामुळे ती ‘लॅक्स’ धरली गेली आणि दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या या विनंतीसोबत पाठवली गेली नाही.

हा नियम ब्राउझरने का केला हे सांगितले पाहिजे, कारण तो लहरीपणाने आलेला नाही. कुकी आपोआप जोडली जाते ही तिची सोय आहे आणि तोच तिचा धोकाही आहे. एखादी व्यक्ती एका संकेतस्थळावर लॉगिन असताना दुसऱ्याच कुणाच्या पानावर गेली आणि त्या पानाने गुपचूप पहिल्या संकेतस्थळाकडे ‘मोबाइल क्रमांक बदला’ असा फॉर्म सबमिट केला, तर पूर्वी ब्राउझर इमानेइतबारे कुकी जोडून देत असे. सर्व्हरला ती विनंती खऱ्या वापरकर्त्याचीच वाटे. सुरक्षेच्या क्षेत्रात या हल्ल्याला सीएसआरएफ म्हणतात. सेमसाइटची अट त्यासाठीच आली. ‘स्ट्रिक्ट’ असेल तर बाहेरून आलेल्या कोणत्याही विनंतीसोबत कुकी जात नाही. ‘लॅक्स’ असेल तर बाहेरच्या दुव्यावर क्लिक करून कुणी आले, म्हणजे साध्या गेट विनंतीने संपूर्ण पान उघडले, तर कुकी जाते, पण बाहेरून आलेल्या पोस्टसोबत जात नाही. ‘नन’ असेल तर सर्वत्र जाते, मात्र त्यासोबत सिक्युअर असणे बंधनकारक आहे. काहीच लिहिले नसेल तर पूर्वी ‘नन’सारखे वागवले जात असे. क्रोमने २०२० च्या फेब्रुवारीपासून, आवृत्ती ८० पासून, न लिहिलेल्याला ‘लॅक्स’ धरायला टप्प्याटप्प्याने सुरुवात केली. कोविडच्या काळात अत्यावश्यक संकेतस्थळे बंद पडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये हा बदल मागे घेतला गेला आणि जुलैमध्ये पुन्हा लागू झाला. या प्रकरणाच्या वेळी फायरफॉक्सने तो आपल्या सर्वसाधारण आवृत्तीत लागू केलेला नव्हता, म्हणून तिथे तक्रारी नव्हत्या.

संस्थेचे संकेतस्थळ या बदलाच्या आधी लिहिलेले होते. त्यातील एकही ओळ बदललेली नव्हती. बदलला होता तो तिने न लिहिलेल्या अटीचा अर्थ.

दोन मिनिटांचा फरक

इथपर्यंत आल्यावर क्रोमवर प्रत्येकाचेच लॉगिन जायला हवे होते. मग काहींचे काम का होत होते? याचे उत्तर क्रोमने या नियमासोबत ठेवलेल्या एका सवलतीत आहे. नवा नियम आल्यावर दुसऱ्या संकेतस्थळामार्फत लॉगिन करण्याच्या काही पद्धती मोडतील हे दिसल्यामुळे क्रोमने असे ठरवले की सेमसाइटची अट न लिहिलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटे झालेली नसतील, तर बाहेरून आलेल्या पूर्ण पानाच्या पोस्टसोबतही ती पाठवायची. ‘लॅक्स’ असे स्पष्ट लिहिलेल्या कुकीला ही सवलत नाही.

आता तक्रारींचा सगळा गुंता सुटतो. लॉगिन केल्याक्षणी संकेतस्थळ नवी सेशन कुकी देत असे. जो अर्जदार एकाच बैठकीत लॉगिन करून पूर्ण अर्ज भरत असे, त्याची कुकी गेटवेवर जाण्यापूर्वीच दोन मिनिटांपेक्षा जुनी झालेली असे आणि त्याचे लॉगिन हमखास जाई. त्याच अर्जदाराने पुन्हा लॉगिन केले की अर्ज आधीच भरलेला असल्यामुळे तो थेट शुल्काकडे जाई, पटकन पैसे भरून परत येई आणि कुकी अजून ताजी असल्यामुळे पावती दिसे. चाचणी करणाऱ्यांकडे भरून ठेवलेले अर्ज आणि गेटवेचे चाचणी पान होते. तिथे खरा ओटीपी यायचा नसतो, बँकेचे पान सावकाश उघडायचे नसते. त्यांचा सगळा फेरा सवलतीच्या आतच पुरा होत असे. आणि मदतकक्षाचा सल्ला? कुकी पुसल्या की पुन्हा लॉगिन करावे लागे, नवी कुकी मिळे आणि पुढची दोन मिनिटे सगळे सुरळीत चाले. औषध चुकीचे होते, पण गुण येत होता, आणि त्यामुळेच मूळ आजाराकडे कुणाचे लक्ष गेले नाही. माझ्या मते अशा अर्धवट यशस्वी सल्ल्याइतका तपासाचा मोठा अडथळा दुसरा नाही.

यात आणखी एक भर पडली होती. कुकीविना आलेली प्रत्येक विनंती नव्या पाहुण्याची समजून त्याला नवी सेशन कुकी द्यायची, अशी संकेतस्थळाची रचना होती. गेटवेवरून परतलेल्या विनंतीलाही तशीच नवी कुकी मिळाली, आणि तिचे नाव तेच असल्यामुळे ब्राउझरमधील जुनी, चांगली कुकी तिच्याखाली गाडली गेली. हे झाले नसते तर अर्जदाराने मुखपृष्ठाच्या दुव्यावर क्लिक केले तरी तो लॉगिन असल्याचेच दिसले असते. म्हणजे ब्राउझरने कुकी एका विनंतीपुरती रोखून धरली होती, आणि ती कायमची घालवली ती संकेतस्थळाने स्वतः.

मदतकक्षाच्या दुसऱ्या सल्ल्याचा, म्हणजे कुकींची सूचना पूर्ण मान्य करण्याचा, या बिघाडाशी काहीही संबंध नव्हता. ही सूचना प्रामुख्याने मोजणी, जाहिरात आणि मागोवा घेण्यासाठीच्या कुकींबाबत असते. एका जाहिरात कंपनीच्या कोडचा तुकडा शेकडो संकेतस्थळांवर बसवलेला असेल तर त्या प्रत्येक ठिकाणी त्या कंपनीची एकच कुकी तिच्याकडे परत जाते, आणि कोण कुठे फिरला हे तिला जोडता येते. युरोपीय संघाने २००९ मध्ये सुधारलेला नियम अशा वापरासाठी संमती मागतो. वापरकर्त्याने स्वतः मागितलेल्या सेवेला जी कुकी अत्यावश्यक आहे तिला ही संमती लागत नाही, आणि लॉगिनची कुकी याच गटातली. सफारीने तृतीय पक्षाच्या, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी अशा दुसऱ्याच कंपनीच्या, कुकी २०२० मध्ये पूर्णपणे रोखल्या. क्रोमने त्या बंद करण्याची घोषणा त्याच वर्षी केली होती, पण २०२४ मध्ये तो बेत सोडला. या संकेतस्थळावर सूचना नाकारली तरी सेशन कुकी तशीच दिली जात होती, आणि ते योग्यच होते. मात्र एका तांत्रिक दोषाच्या उपायापोटी लोकांना मागोवा घेणाऱ्या कुकी मान्य करायला लावणे मला मुळीच पटत नाही. अर्जदाराने नाकारण्याचा आपला हक्क विनाकारण सोडून दिला.

दुरुस्ती

संस्थेच्या तंत्रज्ञांचा कल पहिल्यांदा एका ओळीच्या बदलाकडे होता: सेशन कुकीला ‘सेमसाइट नन’ आणि सिक्युअर लिहून टाकायचे. तसे केले असते तर पावती लगेच दिसू लागली असती. पण मग बाहेरच्या कोणत्याही पानावरून आलेल्या पोस्टसोबत लॉगिनची कुकी गेली असती, आणि या संकेतस्थळावरील मोबाइल क्रमांक बदलण्याच्या फॉर्मला सीएसआरएफपासून वाचवणारे टोकन, म्हणजे फॉर्म आपल्याच पानावरून आला हे सिद्ध करणारा गुप्त मजकूर, नव्हते. क्रोमने मिळवून दिलेले संरक्षण आपल्याच हाताने काढून टाकण्यासारखे ते झाले असते. शिवाय आयओएस १२ वरील सफारी ‘नन’ला चुकून ‘स्ट्रिक्ट’ समजत असे, त्यामुळे जुन्या फोनवर नवाच बिघाड सुरू झाला असता.

गेटवेला पोस्टऐवजी गेट विनंतीने परत पाठवायला सांगणे हा दुसरा मार्ग होता. त्याने कुकी परत आली असती, कारण लॅक्स कुकी अशा विनंतीसोबत जाते. पण व्यवहाराचा तपशील पत्त्याच्या ओळीत दिसला असता आणि ब्राउझरच्या इतिहासात राहिला असता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मूळ दोष तसाच राहिला असता. पैसे भरले गेले की नाही याची नोंद अर्जदाराचा ब्राउझर परत येण्यावर आणि त्याने कुकी दाखवण्यावर अवलंबून होती. बँकेच्या पानावर असताना फोनची बॅटरी संपली, टॅब बंद झाला, नेटवर्क गेले, तर यापैकी कोणत्याही वेळी रक्कम जाते आणि नोंद होत नाही. ‘शुल्क बाकी’ दिसण्याचे कारण हेच होते: परतीच्या पानाचा कोड अर्ज क्रमांक सेशनमध्ये शोधत होता, सेशन मिळाले नाही म्हणून गेटवेने पाठवलेला यशाचा निकाल हातात असूनही तो टाकून देत होता. कुकी ही समोरची व्यक्ती कोण हे सांगते. पैसे मिळाले की नाही हे सांगण्याचे काम तिचे नाही, आणि ते तिच्यावर सोपवले गेले हीच या रचनेतील सर्वांत गंभीर चूक होती.

म्हणून दुरुस्ती परतीच्या पानापासून सुरू केली. अर्जदार गेटवेकडे निघण्यापूर्वीच एक व्यवहार क्रमांक तयार करून तो कोणत्या अर्जाचा आणि किती रकमेचा आहे हे डेटाबेसमध्ये लिहिले जाऊ लागले. परतीचा पत्ता सेशनपासून पूर्ण वेगळा केला: तिथे कुकी पाहायची नाही आणि नवी द्यायचीही नाही. त्या पत्त्यावर फक्त गेटवेची डिजिटल सही तपासली जाते, रक्कम जुळते का ते पाहिले जाते आणि व्यवहार क्रमांकावरून अर्जासमोर शुल्काची नोंद होते. सही तपासणे इथे अपरिहार्य आहे, कारण लॉगिनची अट काढल्यावर त्या पत्त्यावर कुणीही ‘पैसे भरले’ असा खोटा फॉर्म पाठवू शकतो. नोंद झाली की सर्व्हर ३०३ हा प्रतिसाद देऊन ब्राउझरला पावतीच्या पानाकडे वळवतो. ही पुढची विनंती गेट प्रकारची असल्यामुळे तिच्यासोबत सेशन कुकी जाते आणि अर्जदार आपल्या खात्यातच असतो.

याच्या जोडीला गेटवेच्या सर्व्हरकडून संस्थेच्या सर्व्हरला थेट मिळणारी सूचना चालू केली. ब्राउझर मध्ये नसल्यामुळे अर्जदाराचा फोन बंद पडला तरी ती पोहोचते. दोन्ही मार्गांनी निकाल आला तरी नोंद एकदाच व्हावी, यासाठी व्यवहार क्रमांकावर तशी अट घातली. पूर्वीच्या तक्रारींसाठी गेटवेच्या नोंदी आणि संस्थेच्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या, अडकलेले शुल्क योग्य अर्जांना लावले गेले आणि ज्यांनी दोनदा भरले होते त्यांची जादा रक्कम परत करण्यात आली.

सेशन कुकीवर ‘सेमसाइट लॅक्स’ हे शब्द आता स्पष्ट लिहिलेले आहेत. न लिहिता क्रोम तेच धरत होता, तरीही लिहिण्याने फरक पडतो: दोन मिनिटांची सवलत नाहीशी होते आणि संकेतस्थळ ताज्या व जुन्या कुकीशी एकसारखे वागते. परतीच्या मार्गात पुढे कधी कुणी चुकून सेशनची अट परत घातली, तर बिघाड चाचणी करणाऱ्यालाही पहिल्याच वेळी दिसेल. चाचणीच्या कार्यपद्धतीतही बदल केला आहे. लॉगिन आणि पैसे भरणे यांच्यात पाच मिनिटे थांबायचे, एकदा बँकेच्या पानावरूनच टॅब बंद करायचा आणि नंतर दुसऱ्या ब्राउझरमधून लॉगिन करून शुल्काची नोंद झाली आहे का ते पाहायचे, अशा पायऱ्या त्यात आल्या आहेत. मदतकक्षाच्या उत्तरांतून कुकी पुसण्याचा आणि सूचना मान्य करण्याचा असे दोन्ही सल्ले काढून टाकले आहेत. त्याऐवजी आता अर्जदाराला फक्त व्यवहार क्रमांक विचारला जातो.